बंद बाटलीचा वास

‘साखर पाण्यात वितळते.’ सातवीच्या पेपरांच्या गठ्ठ्यात हे वाक्य जागोजागी होतं आणि जिथे दिसेल तिथे मी लाल पेन दाबून त्याच्यावर फुली मारत होते. साखर पाण्यात विरघळते. वितळायला उष्णता लागते, विरघळायला द्रावक लागतो. बर्फ वितळतो, मेण वितळतं, मीठ विरघळतं. हे मी वर्षानुवर्षं घसा फोडून सांगत आले आहे. मुलं माना डोलावतात आणि पेपरात पुन्हा साखर वितळवून ठेवतात. एकाने भौतिक बदलाचं उदाहरण म्हणून ‘दाढी करणे’ असं लिहिलं होतं. त्यावर मी बराच वेळ डोकं खाजवलं आणि शेवटी चिडून अर्धा गुण दिला.

त्या दिवसांत मला सगळ्याचाच वैताग आला होता. शाळेच्या प्रयोगशाळेत गाळण कागद नव्हता, नरसाळ्याला चीर गेली होती, आणि मुख्याध्यापक म्हणायचे, फळ्यावर आकृती काढा, मुलांना कळतं. घरी यावं तर नवरा. त्याला माझ्या हातचं काहीच गोड लागत नव्हतं. भाजी पाणचट, रस्सा पाणचट. ताटावर बसल्या बसल्या त्याचा हात आधी मिठाकडे जायचा आणि मग तिखटाकडे. ती भाजी बरेचदा सासूबाईंनी केलेली असायची आणि त्या आपलीच भाजी पुन्हा पुन्हा चाखून बघायच्या. एकदा मी म्हटलं, उद्यापासून तूच कर. तर दुसऱ्या दिवशी त्याने खरंच केली, आणि ती तिखटजाळ भाजी आम्ही दोघी सासू-सुनांनी डोळे पुसत पुसत खाल्ली. त्याच्या मते ती जरा बरी झाली होती.

माझा नवरा एका चहाच्या कंपनीत मिश्रणं करायचा. निरनिराळ्या मळ्यांतून पेट्या यायच्या. कुठली पत्ती लांब, कुठली दाणेदार, कुठे नुसती भुकटी, आणि प्रत्येक खेपेचा वास वेगळा. त्या सगळ्यांतून थोडं थोडं घेऊन त्याने असं मिश्रण करायचं की गिऱ्हाइकाला गेल्या वर्षीचा चहा आणि या वर्षीचा चहा एकच वाटला पाहिजे. पत्ती तळहातावर घ्यायची, तिच्यावर तोंडाची गरम वाफ सोडायची आणि नाक लावायचं. मग उकळत्या पाण्यात घालून चव बघायची. सगळी कंपनी त्याला ‘नाकवाले’ म्हणायची, आणि तो ते पदवीसारखं मिरवायचा.

मी वर्गात त्याचंच उदाहरण द्यायचे. मिश्रणातले घटक आपापले गुणधर्म सोडत नाहीत, आणि धीर असेल तर चिमट्याने वेचून पुन्हा वेगळे करता येतात. असं मिश्रण ते विषमांगी. तोच चहा उकळून गाळला की कपात जे येतं ते समांगी, त्यातला घटक डोळ्यांना वेगळा दिसत नाही. हे मी एकदा कौतुकाने घरी सांगितलं तर स्वारी रुसून बसली. माझं मिश्रण विषमांगी म्हणजे काय, एका दाण्याचा फरक दाखवून दे, म्हणाला. शास्त्रातला शब्द आहे, शिवी नाही, हे त्याला पटवता पटवता माझी जेवणाची वेळ टळली.

थंडीत त्याला ताप येऊन गेला होता, सगळ्यांना येतो तसा. तापाने तोंडाची चव जाते, हळूहळू येते परत, असं डॉक्टर म्हणाले. मीही तेच म्हटलं आणि पेपर तपासायला बसले.

मग कंपनीत कटकटी सुरू झाल्या. चहाचे पुडे परत यायला लागले. कोरड्या पत्तीत फारसं काही जाणवायचं नाही, पण उकळलं की औषधासारखा वास यायचा. जुनी दुकानं, जी डोळे झाकून माल घ्यायची, ती आता पुडे फोडून दाखवायला लागली. मालक हवालदिल झाले. ते दिवसभर सिगरेटी ओढायचे, त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या नाकावर त्यांचाच भरवसा नव्हता. मिश्रणाच्या खोलीत तर माझ्या नवऱ्याशिवाय कुणाला पाऊलच टाकायची परवानगी नव्हती. माणूस आत आला की त्याच्या साबणाचा, तेलाचा, घामाचा वास आत येतो आणि चहाची पत्ती तो ओढून घेते, असा त्याचाच नियम होता. पेट्या तोच उघडायचा आणि तोच बंद करायचा. मालकांनी त्याला विचारलं की माल कुठे बिघडतोय, आणि त्याने सांगितलं, भरताना. वजनकाट्यावरच्या मावशी बाम लावून येतात.

या मावशी पुडे भरण्याच्या कामावर कधीपासून आहेत हे कुणालाच नेमकं सांगता आलं नसतं. शनिवारी दुपारी त्या आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. नवरा घरी नव्हता, की असूनही आतल्या खोलीत झोपल्याचं सोंग करत होता, हे मला आजही नक्की माहीत नाही. मी बसा म्हटलं तरी त्या बसल्या नाहीत. सोमवारी आपल्याला काढणार असं त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की गुडघा धरला म्हणून बाम लावला होता, पण तो रात्री घरी, आणि सकाळी पाय गरम पाण्याने धुऊनच कामाला आले होते. तेवढ्याने एवढा माल कसा बिघडेल, साहेबांना जरा विचारा, असं त्या मला पुन्हा पुन्हा विनवत होत्या.

मी डोक्यात पेपर घेऊन बसलेली. मी त्यांना धडाच दिला. वास म्हणजे पदार्थाचे कण असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण वाऱ्याची झुळूक नसली तरी आपोआप हवेत पसरतात. याला विसरण म्हणतात. धुतल्यावर वास जातो असं आपल्याला वाटतं, पण सगळा जात नाही. मावशींनी ते सगळं मान खाली घालून ऐकलं आणि चपला घालून गेल्या. मला वाटलं, चला, कुणालातरी विसरण कळलं.

रविवारी मला त्याच विसरणाच्या प्रयोगाची तयारी करायची होती. तो प्रयोग मी दरवर्षी करते. वर्गाच्या एका कोपऱ्यात अत्तराची बाटली उघडायची आणि मुलांना सांगायचं, वास पोचला की हात वर. आधी पुढचे हात वर येतात, मग मधले, मग मागचे, आणि कण कसे पसरत जातात ते डोळ्यांना दिसतं. दिसायला पाहिजे. प्रत्यक्षात एकाने हात वर केला की त्याच्याकडे बघून शेजारचा करतो, आणि खिडकीजवळचा शहाणा बाटली टेबलावर ठेवायच्या आधीच करतो. म्हणून शाळेत करण्याआधी मी तो घरी करून बघते. आमच्या घराच्या खोल्या एकामागे एक आहेत, त्या कामाला फार सोयीच्या. स्वयंपाकघरात मी आणि बाटली, मधल्या खोलीत सासूबाई, बाहेरच्या खोलीत नवरा. खिडक्या बंद, पंखे बंद. वास आला की ज्याने त्याने ‘आला’ म्हणायचं. सासूबाईंना हा खेळ भारी आवडतो. नवरा कुरकुरत का होईना, पण बसतो.

त्या दिवशी बाटलीचं बूच अडकलं होतं. काचेचं बूच, शाळेच्या कपाटात राहून राहून घट्ट बसलेलं. मी फडक्याने धरून पिरगाळलं, ओट्याच्या कडेला हलकेच ठोकलं, मुख्याध्यापकांना मनातल्या मनात चार शिव्या दिल्या. बूच जागचं हलेना. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

“आला गं.”

“काय आला?”

“वास. छान येतोय. गुलाबाचा आहे ना?”

मधल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, “मला बाई नाही आला अजून. माझंच नाक गेलं वाटतं.”

मी हातातल्या बाटलीकडे बघितलं. बूच होतं तिथेच होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सातवीतली पोरं ठीक आहेत, पण हा घोडा एवढा मोठा होऊन तेच करतो. लवकर सुटका व्हावी म्हणून ठोकून दिलं. त्याला चांगलं खडसवायचं म्हणून मी तरातरा निघाले, आणि चालता चालता त्या बुचाला असा हिसडा दिला की ते निघालंच. अर्धी बाटली माझ्या हातावर सांडली. मधल्या खोलीतून जाताना सासूबाई “आला, आला” म्हणत शिंकल्या. मी नवऱ्याच्या खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिले. तो वर्तमानपत्र वाचत होता. माझ्या मनगटावरून अत्तर ओघळत होतं आणि माझं मलाच गरगरायला लागलं होतं.

पेपरातून डोकं न काढता तो म्हणाला, “झालं का तुझं? पंखा लावू?”

ओला हात हळूच त्याच्या कानापाशी नेला. मग विचारलं, “अजून येतोय का वास?”

“नाही. आता गेला,” तो म्हणाला.

मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा त्याने माझा ओला हात पाहिला, उघडी बाटली पाहिली आणि पेपर घडी करून मांडीवर ठेवला. ती घडी तो पुन्हा पुन्हा दाबत राहिला.

कधीपासून, असं मी विचारलं. तापापासून, असं तो म्हणाला. तिखट जिभेला लागतं, मीठ लागतं, बाकी सगळं कागद चावल्यासारखं. आज येईल, उद्या येईल असं म्हणत त्याने दिवस ढकलले होते. रोज सकाळी मिश्रणाच्या खोलीत जायचं, दार लावायचं, एकेका पेटीत तोंड घालायचं. मग पत्तीचा रंग बघून, मागची प्रमाणं आठवून अंदाजाने मिश्रण करायचं. कुणी गिऱ्हाईक आलं तर आधी त्यालाच प्यायला द्यायचं आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून आपण मान हलवायची. पेट्यांपैकी एखादी वाटेत कशाने तरी बिघडून आली असणार, आणि ती त्याने चांगल्या मालात मिसळली होती. कुठली ते त्याला कळत नव्हतं. थांबायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

मला त्याची दया यायला हवी होती. आधी आला तो रागच. एवढे दिवस माझ्या भाजीला नावं ठेवत होता, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही. मग माझ्या डोळ्यांसमोर मावशी आल्या, मान खाली घालून माझा धडा ऐकणाऱ्या, आणि रागाचं आणखी काहीतरी झालं.

“मग मावशींच्या बामाचा वास कुणाला आला?”

तो खिडकीकडे बघायला लागला. “त्या बाम लावतात असं बायका बोलताना ऐकलं होतं. मालक समोर बसून विचारत होते. काहीतरी सांगावं लागलं.”

“उद्या त्यांना काढणार आहेत.”

“पुडे भरायचं काम त्यांना कुठेही मिळेल. मला काय मिळेल? नाकवाल्याला नाक नाही म्हटल्यावर कोण उभं करणार आहे मला?” आणि मग एकदम आवाज चढवून म्हणाला, “तू शिकवतेस ना, मिश्रण पुन्हा वेगळं करता येतं म्हणून? मग सांग मला. गोदामभर माल पडलाय. त्यातून तो वास कसा काढू? सांग ना.”

मी मनात सगळ्या पद्धती घोकून पाहिल्या. गाळणं, निवळू देणं, चाळणं, वेचणं, चुंबक फिरवणं, पाणी उडवून मीठ मागे ठेवणं. त्यांतली एकही त्या चहाच्या कामाची नव्हती. आपल्या विषयाचा इतका संताप मला आधी कधी आला नव्हता.

“मालाचं मला माहीत नाही,” मी म्हटलं. “मावशींचं तू उद्या सांगायचं.”

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. “म्हणजे माझी भाजी बिघडत नव्हती,” त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे टिपायला लागल्या. त्या लेकासाठी रडत होत्या की भाजीसाठी, ते विचारायची माझ्यात ताकद नव्हती.

सोमवारी मी शाळेत अर्धी रजा टाकली आणि त्याच्याबरोबर गेले. त्याच्यावर माझा विश्वास नव्हता, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. मालकांच्या केबिनमध्ये धूर कोंडला होता. नवरा उभ्या उभ्याच बोलला. ताप, वास, पेटी, बाम, सगळं. त्याने काही गाळलं नाही.

मालकांनी सिगरेट विझवली आणि दुसरी पेटवली. मला वाटलं आता स्फोट होणार. पण ते अगदी समजुतीने बोलायला लागले. शंका त्यांना आलीच होती. आता बोभाटा करून काय मिळणार? दुकानदारांना सांगून झालंय की चूक भरणाऱ्या बाईची होती, तिला काढतोय, पुढचा माल चोख येईल. दुकानदारांना ते पटलंय. ते माल घेतात तो नाकवाल्यांच्या नावावर. वास घ्यायला एखादं दुसरं माणूस आत गुपचूप ठेवू.

“तुम्ही फक्त नाक लावल्यासारखं करायचं,” मालक म्हणाले. “बायका काय, मिळतात.”

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याचे खांदे सैल झाले होते. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती, आणि मला त्याची किळस आली. लग्नाच्या एवढ्या वर्षांत मला त्याची किळस कधी आली नव्हती. आता हा ‘बरं’ म्हणणार, आणि मग घरी जाऊन मी याच्या पुढ्यात ताट कसं ठेवणार, असा विचार मी करत होते.

तो मालकांच्या हातातल्या सिगरेटकडे बघत राहिला. मग म्हणाला, “तेच करतोय मी तापापासून. नाक लावल्यासारखं. मला नाही होत आता.” आणि वळून केबिनच्या बाहेर पडला.

पुडे भरण्याच्या खोलीत काम चालू होतं. मावशी आपल्या काट्यावर बसल्या होत्या. पत्ती तोलत होत्या, पण मान दाराकडे होती. बोलावणं आलं असंच त्यांना वाटलं असणार, कारण त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. नवरा त्यांच्याजवळून गेला, मिश्रणाच्या खोलीचं कुलूप काढलं आणि दोन्ही दारं सताड उघडली. ती दारं तशी उघडी मी कधी पाहिली नव्हती. बायकांनीही नसावी. आतून चहाचा दाट वास आला आणि त्याच्या मागोमाग दुसरा वास आला, झणझणीत. फिनेलचा. कुणीतरी नाकाला बाही लावली. मी दारापासून बऱ्याच अंतरावर होते, तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तो दारात उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. “माल इथे बिघडला. माझ्या हाताने. मला वास येत नाही. मावशींच्या बामाचं मी खोटं सांगितलं.”

मालक मागून येऊन उभे राहिले होते. पण सगळ्यांच्या देखत बोलून झालं होतं, आता मावशींना काढायचं तोंड त्यांना राहिलं नव्हतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मावशींनी हातातलं माप खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर उपकार बिपकार मानल्याचं काही नव्हतं. त्या रागावलेल्या होत्या, आणि त्यांनी तो राग लपवला नाही.

नवरा आत गेला. त्याला वाटलं असेल की बोललो आहोत तर काम पुरं करावं, बिघडलेली पेटी तरी शोधून बाजूला काढावी. त्याने पहिल्या पेटीचं झाकण उघडलं, वाकून तोंड आत घातलं आणि छाती भरून श्वास घेतला. मग दुसरी. मग तिसरी. तो भिंतीकडच्या पेटीपाशी पोचला तसे आम्ही सगळे मागे सरलो, कारण तिचं झाकण निघताच तो वास थोबाडीत मारल्यासारखा आला. एक बाई खोकायला लागली. माझ्या नवऱ्याने त्या पेटीत कानांपर्यंत डोकं घातलं. त्याची पाठ वर झाली, खाली झाली, पुन्हा वर झाली. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या मिशीला भुकटी लागली होती. त्याने आमच्याकडे बघितलं आणि विचारलं,

“ही चांगली आहे ना?”

मग मावशी लंगडत पुढे गेल्या आणि त्यांनी पेटीच्या कडेवर हात ठेवला.

“हीच आहे, साहेब,” त्या म्हणाल्या.

त्याने मान हलवली. मावशी झाकण लावायला गेल्या, पण त्याने ते हाताने अडवलं, आणि पुन्हा एकदा वाकून वास घेऊन बघितला.